त्या पांढऱ्या पट्ट्याला कात्री लावू नका हो!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत बागेच्या प्रश्नोत्तरांमध्ये डोंबिवलीच्या एका बाईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या बाल्कनीत रॅफिस पाम आहे, लेडी पाम म्हणतात तोच, ऑफिसांच्या लॉबीत एसीखाली उभा असतो तो. त्याच्या एका काठीला अचानक पांढऱ्या पट्ट्यांची पानं यायला लागलीत, बाकीच्या काठ्या हिरव्यागार, तर आता काय करू असं त्यांनी विचारलंय. आणि तुमच्या तज्ज्ञांनी उत्तर काय दिलंय, तर हा बुरशीचा प्रकार वाटतो, ती काठी मुळासकट काढून टाका, जागेवर हळद लावा आणि उरलेल्या झाडावर आठवड्याच्या अंतराने दोनदा बुरशीनाशक मारा.

अहो! माझा चहा गार झाला ते वाचून. सुनेला म्हटलं आधी मोबाईल दे, ह्यांना फोन करते, तर ती म्हणाली आई पेपरला फोन नाही करत, पत्र लिहा, म्हणून हे पत्र. टाईप ती करतेय, मी सांगतेय, त्यामुळे वाक्यं लांबली तर दोघींना सांभाळून घ्या.

आधी मुद्दा सांगते, कारण पत्र लांबणार आणि तुम्ही कापणार हे मला माहितीये. त्या बाईंच्या कुंडीत रोग नाहीये, लॉटरी लागलीये. माझ्या अंदाजाने तो व्हेरिगेटेड, म्हणजे जन्मतःच दोन रंगांच्या पानांचा, फुटवा आहे, आणि रॅफिसचा तसा फुटवा मिळवायला लोक वर्षानुवर्षं नर्सऱ्या पालथ्या घालतात. कृपा करून येत्या रविवारी छापा की कात्री लावू नका म्हणून. हे एवढं छापलंत तरी पुरे, पुढचं सगळं जागा असेल तर.

मला एवढी कळकळ का, तर मी हीच चूक स्वतःच्या हाताने केलीये. अकरा वर्षं झाली असतील, आमच्या बोरिवलीच्या घरात बाल्कनीत एक जुना रॅफिस होता, सासूबाईंच्या वेळचा, प्लास्टिकच्या बादलीत लावलेला, कोणी फार लक्ष न दिलेला. एका पावसाळ्यात त्याच्या बुडाशी एक पिल्लू आलं आणि त्याच्या पानाच्या बोटांमध्ये दुधासारखी पांढरी रेघ. एक बोट अर्धं पांढरं, एक पूर्ण पांढरं, बाकी हिरवी. मला वाटलं काहीतरी लागलंय. तेव्हा ज्याच्याकडून माती घ्यायचे त्या नर्सरीवाल्याला विचारलं, तर तो पण म्हणाला काकी काढून टाका, पूर्ण झाडात पसरेल. मी पण शहाणी, खुरपं घेऊन मुळासकट उपटलं आणि ओल्या कचऱ्यात टाकलं. दोन वर्षांनी एका बंगल्यात गेले होते तिथे जिन्याखाली तसंच झाड काळ्या चिनी मातीच्या कुंडीत मांडलेलं, आणि मालकीणबाई त्याची किंमत सांगत होत्या. मी गप्प बसून पोहे खाल्ले. माझ्या रॅफिसला त्यानंतर आजतागायत कितीतरी पिल्लं आली, सगळी हिरवी.

म्हणून तज्ज्ञांना मी फार बोलणार नाही. पट्टा म्हटलं की रोग वाटणं साहजिक आहे, आणि काही झाडांत तो असतोही. हॉलंडमध्ये सतराव्या शतकात ज्या रंगीत रेघांच्या ट्युलिपच्या कांद्यांसाठी लोकांनी घरंदारं लावली त्या रेघा व्हायरसमुळे यायच्या, हे पुढे विसाव्या शतकात कळलं. पण रॅफिसची एकच काठी अशी पट्टेदार निघते तेव्हा आधी नीट बघायचं तरी!

कसं बघायचं ते सांगते. पान हातात घ्या, खिडकीकडे धरा. खऱ्या व्हेरिगेशनची रेघ शिरांच्या बरोबर लांबीला धावते, देठाकडून टोकाकडे, आणि कड एकदम स्पष्ट असते, पट्टीने आखल्यासारखी. हात फिरवला तर पांढरा भाग हिरव्याइतकाच गुळगुळीत आणि ताजा. शिवाय पान मिटलेलं असतं, मधून भाल्यासारखं वर येत असतं, तेव्हाच ती रेघ त्याच्यावर असते, नंतर उमटत नाही. बुरशीचा डाग नंतर येतो, गोल किंवा वेडावाकडा असतो, मध्ये तपकिरी, भोवती पिवळी कड, आणि आठवड्यात मोठा होतो. लाल कोळी नावाची बारीक कीड असेल तर पानावर बारीक रवा सांडल्यासारखे ठिपके आणि पानामागे जाळी. मॅग्नेशियम कमी पडलं तर जुन्या पानांच्या कडा पिवळ्या होतात आणि मधला भाग हिरवा राहतो, लोह कमी पडलं तर उलट नवी पानं फिकट येतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. उन्हाने भाजलेलं तर लगेच कळतं, ज्या बाजूने ऊन त्याच बाजूला कागदासारखं वाळतं. तरीही खात्री नसेल तर सरळ तीन पानं थांबा. मी पानाच्या देठाला लोकरीचा धागा बांधते आणि किचनच्या कॅलेंडरवर तारीख टाकते, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. डाग जिथे होता तिथेच, तेवढाच राहिला आणि त्या काठीच्या त्याच बाजूला पुन्हा रेघेचं पान आलं तर देवाला साखर ठेवा.

त्याच बाजूला असं का म्हटलं, ते जरा समजावते, कारण ह्याच्यावरून माझे आणि आमच्या ह्यांचे खूप वाद झालेत.

चकलीचा सोऱ्या आठवा. त्यात पालक घातलेलं हिरवं पीठ भरलं आणि एका कडेला थोडं साधं पांढरं पीठ दाबून बसवलं, तर दट्ट्या फिरवल्यावर खाली जी शेव उतरते तिच्यात त्या कडेच्या भोकांमधून पांढरी येते, मधूनमधून अर्धी हिरवी अर्धी पांढरी येते, आणि पलीकडच्या भोकांतून हिरवीच येते. पामचं पान असंच बुडातून ढकललं जातं, म्हणून रेघ लांबीला. जास्वंदीच्या चितकबऱ्या पानावर कसे नकाशासारखे डाग असतात, तसे इथे होत नाहीत. आणि हे पीठ भरलेलं कुठे, तर शेंड्याच्या गाभ्यात, जिथे नवं पान जन्माला येतं. तिथल्या एखाद्या पेशीत हरितद्रव्य बनवायची सोय बिघडते, मग तिच्या लेकी, नाती, पणत्या सगळ्या बिनरंगाच्या. एकाच झाडात दोन घराणी नांदतात, शास्त्रात त्याला कायमेरा म्हणतात. पानं गाभ्याभोवती गोल फिरत फिरत येतात, त्यामुळे पांढऱ्या घराण्याच्या बाजूला आलेलं पान पट्टेदार, पलीकडच्या बाजूला आलेलं साधं. नवीन पान हिरवं आलं की लोक म्हणतात गेली व्हेरिगेशन, पैसे बुडाले, अहो थांबा, फेरी पूर्ण होऊ द्या. कधीकधी खरंच जाते हा भाग वेगळा. हिरव्या पेशी खाऊन पिऊन तगड्या, पांढऱ्या दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या, तेव्हा हळूहळू हिरवं घराणं सगळा गाभा व्यापतं आणि पट्टा संपतो, किंवा उलट पांढरं व्यापतं आणि मग काठीच संपते.

रॅफिसचं भाग्य हे की तो झुडपासारखा वाढतो, बुडातून पिल्लं देतो, म्हणून पट्टेदार पिल्लू वेगळं करून वाढवता येतं. माड, पोफळ, ताड ह्यांना एकच शेंडा, तो गेला की झाड गेलं, ना फांदी ना कलम. अशा एकशेंडी पामला पट्टा आला तर तो त्या एका झाडापुरता, पुढे न्यायचा तर बियांवरच भरवसा, आणि तो भरवसा म्हणजे पावसाळ्यातल्या लोकलचा.

जपानी लोकांनी हे रॅफिसचं वेड इतकं पुढे नेलंय की बोलायची सोय नाही. एदो काळापासून, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकापासून, त्यांच्याकडे ह्याच्या बुटक्या आणि पट्टेदार जाती जपल्या जातात, प्रत्येकीला नाव, शंभरच्या वर नावं असतील, आणि पट्टेदार जातींच्या नावाला बऱ्याचदा शेवटी निशिकी लागतं. निशिकी म्हणजे जरीचं विणलेलं कापड, म्हणजे आपला किनखाब. झाडालाच ते कान्नोनचिकु म्हणतात, कान्नोनचा बांबू. आता कान्नोन कोण, तर आपला अवलोकितेश्वर! आमच्या इथे कान्हेरीला ४१ नंबरच्या लेण्यात त्याची अकरा तोंडांची मूर्ती आहे, मी शाळेच्या पोरांना घेऊन कितीतरी वेळा गेलेय तिथे. बोरिवलीच्या डोंगरातला देव तिकडे जाऊन झाडाला चिकटला आणि ते झाड आमच्या बाल्कनीत सासूबाईंच्या बादलीत येऊन बसलं, आणि मी त्याचा किनखाब ओल्या कचऱ्यात टाकला. असो.

आता थंडीतल्या पामची गोष्ट, कारण त्याच उत्तरात पुढे एक वाक्य होतं की पाम हे उष्ण हवेचं झाड आहे, थंडीत टिकत नाही. मुंबईत बसून वाटतं तसं. आपली थंडी ती काय, सांताक्रूझला पारा १९६२ च्या जानेवारीत ७.४ वर गेला होता त्याच्या गप्पा अजून मारतो आपण, आणि १६ झालं की वॉचमनच्या डोक्याला मफलर. पण बर्फात उभे राहणारे पाम आहेत. अमेरिकेच्या आग्नेय भागात नीडल पाम म्हणून एक आहे, बुडाला साळिंदरासारखे काटे, तो उणे वीसच्या आसपास सुद्धा जगतो. चीनचा विंडमिल पाम साधारण उणे पंधरापर्यंत तग धरतो, युरोपात बागाबागांत आहे. त्याचं शास्त्रीय नाव ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी, हे फॉर्च्यून म्हणजे तेच साहेब ज्यांनी १८५१ मध्ये चीनमधून चहाची रोपं हिमालयातल्या मळ्यांसाठी इकडे आणली. ह्या पामच्या खोडावर जो काथ्यासारखा केसाळ थर असतो त्याचे चिनी शेतकरी पावसात अंगावर घ्यायला झगे विणायचे, म्हणजे आपल्या कोकणातलं इरलंच की.

आणि परदेशात कशाला जायचं. आपल्या उत्तराखंडात पिथोरागडजवळ थलकेदारच्या डोंगरावर त्याचाच भाऊ आहे, ताकिल पाम, बेक्कारी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये त्याची नोंद केली. दोन हजार मीटरच्या वर, ओक झाडांच्या सोबतीने, हिवाळ्यात डोक्यावर बर्फ घेऊन. जंगलातली त्याची झाडं आता फार थोडी उरलीत. खासी टेकड्यांत एक, दार्जिलिंग-कालिम्पाँगकडे एक, मणिपूरच्या उखरूलला एक, असे ताकिल धरून ट्रॅकिकार्पसच्या घराण्यातले चार पाम भारतातच आहेत. मणिपूरच्याची नोंद तर २००६ ची.

माझा भाचा फौजेत आहे, त्याचं पोस्टिंग तिकडे कुमाऊंत होतं. त्याला मी गमतीत म्हटलं होतं की सफरचंदं आणू नकोस, पामच्या बिया आण. तो पठ्ठ्या डिसेंबरात खरंच घेऊन आला, त्यांच्या मेसच्या बागेत लावलेल्या विंडमिल पामच्या, जंगलातल्या नाही हे मी दोनदा विचारून घेतलं. काळपट निळी फळं, वर पांढुरकी भुकटी, आत राजम्यासारखी बाक असलेली बी. ५२ होत्या. गर धुऊन काढला, दोन दिवस पाण्यात ठेवल्या, रोज पाणी बदललं, आणि श्रीखंडाच्या डब्यांना बुडाला भोकं पाडून कोकोपीट आणि वाळूत लावल्या. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, हे म्हणाले तुझ्या फौजी बिया शहीद झाल्या. मार्चच्या सुरुवातीला एकेक हिरवी पाती वर यायला लागली, गवतासारखी, कोणाला सांगून पटणार नाही की हा पाम आहे. ३१ उगवल्या.

त्यातली एक पूर्ण पांढरी. पांढरी म्हणजे मेणबत्तीसारखी, हलका पिवळा झाक असलेली. घरी जो येईल त्याला मी ती दाखवायचे. पण तिला अन्न बनवताच येत नाही, बीमध्ये आईने बांधून दिलेली शिदोरी असते तेवढ्यावर जगते, आणि एप्रिलच्या शेवटी शिदोरी संपली. अशी पांढरी रोपं कोणी विकत देत असेल तर घेऊ नका, ती जगणार नाहीत, कितीही खत घाला.

आणि एक पट्टेदार. पातीच्या डाव्या कडेला एकच रेघ, सुतळीएवढी जाड सुद्धा नाही. ते रोप मी स्वतंत्र डब्यात काढलं. दुसरी पाती आली तिच्यात रेघ जरा रुंद. मग मे आला. ह्या झाडांना आपली थंडी नडत नाही, आपला उन्हाळा नडतो, आणि दिवसाच्या उन्हापेक्षा मला वाटतं रात्रच जास्त नडते, रात्री अकराला पण बाल्कनीची कडी गरम आणि हवा ओली फडक्यासारखी. पांढऱ्या रेघेचं टोक तपकिरी झालं, मग तो तपकिरीपणा खाली सरकायला लागला. फ्रिजसमोर ठेवून झालं, माठाशेजारी ठेवून झालं. शेवटी पाचगणीच्या वन्संना फोन केला, त्या म्हणाल्या वहिनी पाठवून द्या, इथे माझ्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्याशेजारी राहील. हे आमचे, ज्यांनी बियांना शहीद म्हटलं होतं, तेच बोरिवलीहून एसटीने ते रोप स्टीलच्या डब्यात मांडीवर घेऊन गेले, झाकण उघडं ठेवून, आणि कंडक्टरने विचारलं काका आत काय मासा आहे का.

चार वर्षं झाली त्याला. आता पंख्यासारखी पानं फुटतात, गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा एका पानाचा डावा तिसरा हिस्सा सलग पांढरा होता, लोण्यासारखा, आणि त्या हिस्स्यात आत हिरव्या केसाएवढ्या रेघा. बाकीच्या २९ हिरव्या भावंडांपेक्षा उंचीने निम्मा आहे. वन्सं रोज सकाळी त्याला गुड मॉर्निंग म्हणतात असं त्यांची मुलगी सांगते.

बियांवरून आठवलं, लोक विचारतात की ह्याला पुढे फुलं आली तर बी पट्टेदार निघेल का. बहुतेक झाडांत पेशीतले हे हरितद्रव्याचे कण आईकडून येतात, परागाकडून नाही. म्हणजे पट्टेदार नराचा पराग आणून काही उपयोग नाही, मादी पट्टेदार पाहिजे, आणि तिचा सुद्धा जो घोस पांढऱ्या-हिरव्याच्या सीमेवर येईल त्यातच काही आशा, नाहीतर सगळी रोपं हिरवी किंवा सगळी पांढरी. विंडमिलमध्ये नर-मादी झाडं वेगळी असतात. आमचा नर निघतो का मादी हे कळायलाच अजून किती दिवाळ्या जातील कोण जाणे.

म्हणून शोधायचं असेल तर विकतच्या दुकानात शोधू नका, रोपांच्या ट्रेमध्ये शोधा. आषाढात नर्सरीत गेलात की शोभेच्या रांगेत जाऊ नका, मागे जा, जिथे हजारो अरेका पामची पिल्लं काळ्या पिशव्यांत कोंबलेली असतात. उकिडवं बसायचं, गुडघे दुखत असतील तर प्लास्टिकचं स्टूल मागून घ्यायचं, आणि नुसती नजर फिरवायची. माळी लोक पट्ट्याचं रोप दिसलं की कमकुवत समजून फेकतात, त्यांना सांगून ठेवा की भाऊ मला दे. मला असे दोन अरेका फुकट मिळालेत, एक टिकला. पण दाखवून विकणारे भेटले की सावध. एकाने मला व्हेरिगेटेड पाम म्हणून अठराशे रुपयांना जे दाखवलं तो पँडॅनस होता, म्हणजे केवड्याचा भाऊबंद, पाम नव्हेच. सागो पाम पण पाम नाही, सायकस आहे तो. आणि मोबाईलवर निळ्या-गुलाबी पट्ट्यांच्या पामच्या बिया विकतात, त्याबद्दल काय बोलायचं, माझ्या शेजारणीने मागवल्या होत्या, त्यातून राजगिरा उगवला.

डोंबिवलीच्या बाईंसाठी, रॅफिसपुरतं, मी काय केलं असतं ते सांगते. सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारचं नाही, पांढऱ्याला आपलं ऊन सोसत नाही. पाण्यात क्षार असले की पांढरी टोकं आधी जळतात, त्यामुळे बोअरिंगचं पाणी नको, पावसाचं पाणी बादलीत धरून ठेवता आलं तर उत्तम. खताचा मारा करू नका, विशेषतः युरिया, माझा अनुभव असा की भरमसाट खाऊ घातलं की हिरवं घराणं आधी सुटतं. थोडं जुनं शेणखत, चिमूटभर निंबोळी पेंड, बास. पिल्लू लगेच वेगळं करायची घाई तर अजिबात नको. त्याला स्वतःची मुळं आणि निदान चार-पाच पानं येऊ द्यात, आईच्या कुंडीत ते आईच्या जिवावर वाढतं. पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस झाला की कुंडी आडवी करून, माती हाताने मोकळी करून, जोडलेला गड्डा धारदार सुरीने कापायचा, दोन दिवस सावलीत ठेवून मग पाणी. आणि जर पिल्लू पूर्णच पांढरं असेल, एक सुद्धा हिरवी रेघ नसेल, तर कधीच वेगळं करू नका, आईला चिकटून आहे तोवर दिसेल सुंदर, तोडलं की संपलं. पट्टेदार पिल्लाच्या बुडातून नंतर हिरवेच फुटवे यायला लागले तर मात्र ते लहान असतानाच काढा, इथे कात्री चालेल.

संपादक महाराज, तुमच्या कात्रीबद्दल माझं काही म्हणणं नाही, फौजी भाचा कापा, कान्हेरी कापा, एसटी कापलीत तर ह्यांना वाईट वाटेल पण चालेल. पण त्या बाईंचा पत्ता तुमच्याकडे असणारच, त्यांनी प्रश्न पाठवला होता म्हणजे. रविवारपर्यंत थांबू नका, आजच त्यांना कळवा. आणि त्यांनी तुमचा सल्ला ऐकून काठी आधीच कापली असेल, तर सांगा की बुडाचा खुंट उपटू नका, हळद लावली असेल तर राहू दे, तेवढी जागा ओलसर ठेवा. पट्ट्याच्या बाजूचा एखादा डोळा मातीखाली जिवंत असेल तर त्यातून पुन्हा फुटेल. मी मुळासकट काढलं होतं, म्हणून मला नाही मिळालं.

आपली जुनी वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, बोरिवली (पूर्व)